भेकर भुंकतं ते कोणासाठी?

नाशिककरांना हरीण म्हटलं की येवल्याजवळच्या ममदापूरचे काळवीट आठवतात. उघडा माळ, मोठे कळप, फोटोही झकास येतात. भेकराच्या वाट्याला हे कौतुक येत नाही. इगतपुरी-घोटीच्या पुढे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या झाडीत ते एकेकटं वावरतं. उंची खांद्यापाशी जेमतेम दीड-दोन फूट, वजन 20-25 किलो. नजरेला पडण्याआधी ते ऐकूच येतं, आणि रानात कुत्रं कुठून आलं असं वाटतं. इंग्रजीतलं 'बार्किंग डिअर' त्यावरूनच पडलं. 'मुंटजॅक' हे दुसरं नाव मात्र जावा बेटावरच्या सुंदानी भाषेतलं, डचांमार्फत युरोपात गेलेलं.

चितळ ओरडलं की कळप सावध होतो. भेकराला कळपच नाही, तरी बिबट्याची चाहूल लागली की ते कधीकधी तासभरसुद्धा भुंकत राहतं. अभ्यासकांना वाटतं, हा निरोप बिबट्यालाच असावा: तू दिसलास, आता दबा धरून उपयोग नाही. झाडी दाट असेल आणि समोरचं धड दिसत नसेल, तर भुंकणं वाढतं, हेही त्याला धरूनच आहे.

नराचं तोंड जवळून पाहण्यासारखं असतं. कपाळावरून हाडाचे दोन कंगोरे वर चढत जातात, त्यांचेच पुढे केसाळ खुंट होतात आणि त्यांच्या टोकाला बोटभर शिंगं. काळवीटाची शिंगं जन्मभराची, भेकराची गळून पुन्हा येतात. वरच्या ओठाखालून सुळे डोकावतात. दोन नर भिडले की शिंगांनी नुसती रेटारेटी होते, खरी जखम करतात ते सुळे. डोळ्यांजवळच्या मोठ्या गंधग्रंथी जमिनीला घासून ते आपली हद्द आखतं.

प्रयोगशाळेत या जनावराची ख्याती वेगळीच आहे. 1970 मध्ये डोरिस वर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के यांनी दाखवलं, की भारतीय भेकराच्या मादीत फक्त 6 गुणसूत्रं असतात, नरात 7. सस्तन प्राण्यांत याहून कमी कोणाचीच नाहीत. त्याच्या चिनी भाईबंदात तब्बल 46, म्हणजे आपल्याइतकीच! जनुकं फारशी हरवलेली नाहीत, पूर्वीची लहान गुणसूत्रं टोकाला टोक जुळून लांबलचक झाली. त्यात एक्स गुणसूत्रही दुसऱ्या एका गुणसूत्राला चिकटलं. नरात एक्स एकच, त्यामुळे त्या दुसऱ्याचा जोडीदार वायसोबत सुटाच राहतो. सातवं ते हेच.