एर्बियमयुक्त सिलिकॉन : ऊर्जा-संक्रमणाचे अवरक्त लेसर मापन

सिलिकॉनमध्ये रोपलेल्या एर्बियम या दुर्मिळ मृदा धातूच्या आयनांपर्यंत स्फटिकातील ऊर्जा कशी पोचते आणि कशी परत निसटते, हे दोन लेसरांनी तपासण्याची पद्धत. एर्बियमची १.५४ मायक्रोमीटरची दीप्ती प्रकाशतंतूंच्या किमान ऱ्हासाच्या पट्ट्यात येते. एन्नेन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती सिलिकॉनमध्ये नोंदवली. खोलीच्या तापमानाला ती जवळजवळ विझते, आणि या विझण्याचे कारण हाच मुख्य वाद आहे.

५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसर-स्पंदाने इलेक्ट्रॉन आणि विवर (इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा) यांच्या जोड्या तयार होतात. संवाहक पट्ट्याखाली (इलेक्ट्रॉन जेथे मोकळे फिरतात त्या ऊर्जापट्ट्याखाली) सुमारे ०.१५ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर असलेल्या एर्बियमशी निगडित पातळीत इलेक्ट्रॉन अडकतो. विवराशी संयोग होताना मोकळी झालेली ऊर्जा एर्बियमला मिळते. आयनाला लागतात सुमारे ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, उरलेली ऊर्जा फोनॉनांत (स्फटिकाच्या कंपनांत) जाते की इलेक्ट्रॉनाला पट्ट्यात उडवते, याबद्दल एकमत नाही. उलट दिशेचे, म्हणजे आयनाकडून स्फटिकाकडे, संक्रमण व्हायचे तर मधली तूट बाहेरून भरून काढावी लागते. एका मते उष्णता ती भरते. दुसऱ्या मते मोकळे वाहक (इलेक्ट्रॉन वा विवरे) ओजे प्रक्रियेने, म्हणजे प्रकाश न निघता, आयनाची ऊर्जा स्वतःकडे हिरावून घेतात.

निवाडा दुसऱ्या लेसरचा अवरक्त स्पंद करतो. नमुना ४ ते १० केल्विनला ठेवून हिरव्या स्पंदानंतर काही शे मायक्रोसेकंदांनी तो सोडतात. दीप्तीचा ऱ्हासकाल सुमारे १ मिलिसेकंद असल्याने आलेखात पायरी पडली तर ती स्पष्ट दिसते. १५ मायक्रोमीटरचा (०.०८३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट) फोटॉन उथळ सापळ्यांतील वाहक सोडवतो, पण ती तूट भरू शकत नाही, त्यासाठी ८.३ मायक्रोमीटरहून (सुमारे ०.१५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट) लहान तरंगलांबी हवी. कार्बन डायऑक्साइड लेसर १०.६ मायक्रोमीटरवर अपुरा पडतो, म्हणून तरंगलांबी बदलता येणारा फेलिक्स हा नेदरलँड्समधील मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर उपयोगी ठरला. उलट संक्रमण आणि ओजे या दोन्ही प्रक्रिया एकाच नमुन्यात चालतात, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

गोव्यात, ताळगावच्या पठारावर म्हणा, अशी मांडणी करायची तर पहिला शत्रू पावसाळी हवा. पाण्याच्या वाफेचा शोषणपट्टा साधारण ५.५ ते ७.५ मायक्रोमीटरवर, म्हणजे ८.३ मायक्रोमीटरच्या उंबरठ्याला अगदी लागून आहे. लेसरचा मार्ग कोरड्या नायट्रोजनने भरला नाही, तर वाफेने खाल्लेली शक्ती नमुन्याचाच गुणधर्म भासते. म्हणून शक्ती उगमापाशी न मोजता नमुन्याच्या जागी मोजावी. पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या आगरातल्या मिठासारख्या पाझरून धुरकट होतात. झिंक सेलेनाइड टिकते, पण आवरण नसल्यास दोन पृष्ठभागांवर मिळून सुमारे ३० टक्के प्रकाश परावर्तनात जातो.

आणखी एक फसगत : ५३२ नॅनोमीटरचा विखुरलेला प्रकाश वर्णपटमापकात तिसऱ्या क्रमाने, म्हणजे तिप्पट तरंगलांबीच्या जागी, १५९६ नॅनोमीटरवर, एर्बियमच्या रेषेशेजारी उमटतो. शोधकापुढे सिलिकॉनची चकती गाळणी म्हणून ठेवली की तो थांबतो. अवरक्त स्पंदाने नमुना तापूनही दीप्ती घटते. तीच शक्ती १५ मायक्रोमीटरवर देऊन हा भाग वेगळा काढता येतो, मात्र दोन्ही तरंगलांबींचे शोषण सारखे आहे याची आधी खात्री करावी.

इंडियम फॉस्फाइडमधील यटर्बियमबाबतही अशीच मापने झाली आहेत. तेथील दीप्ती सुमारे १ मायक्रोमीटरवर असते.