उडीआधीचा ताण

सोलापूरच्या पार्क मैदानावर भल्या सकाळी लांब उडीच्या सरावाला आलेली मुले अनेकदा आधी ओळीने बसतात, पाय पसरून अंगठे धरतात आणि मिनिट-दीड मिनिट तशीच वाकून राहतात. हा व्यायाम वाईट नाही, पण त्याची वेळ चुकते, असे मला वाटते.

उडी घेताना गुडघे क्षणभर वाकतात. त्या क्षणी पोटरीचा स्नायू आणि त्याला टाचेशी जोडणारी कंडरा ताणली जाते, आणि लगेच आखडताना साठलेली ऊर्जा परत देते. गलोलीचे रबर सैल असले की खडा जवळच पडतो, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. एकच स्नायू मिनिटभराहून अधिक वेळ ताणून धरला, तर तो काही काळ असाच सैलावतो, शिवाय मज्जासंस्थेकडून त्याला मिळणारी चालनाही थोडी मंदावते. घट काही टक्क्यांचीच असते, ती हळूहळू ओसरते आणि 30 सेकंदांपर्यंतच्या ताणाने फारसे बिघडत नाही. तरीही 40 सेंटीमीटर उसळणाऱ्या मुलाचे 3 टक्के म्हणजे 12 मिलिमीटर, आणि उंच उडीची आडवी दांडी त्याहून कमी अंतरानेही पडते.

म्हणून उडीआधी पाचदहा मिनिटे हलके धावावे, मग पायांचे झोके, गुडघे उंच उचलत धावणे, थोडी लंगडी आणि शेवटी दोन-तीन सावकाश उड्या घ्याव्यात. स्नायू तापला की तो अधिक वेगाने आकुंचन पावतो. सोलापुरात डिसेंबरच्या गार पहाटे यासाठी जास्त वेळ द्यावा. मे महिन्यात, पारा चाळिशीपार जातो तेव्हा, थोडक्यात आटोपून सावलीत पाणी प्यावे.

लांबलेला ताण सरावानंतर, अंग गरम असतानाच घ्यावा. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. तेव्हा अंग आखडल्यासारखे वाटते, आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागले, तर उड्या थांबवून डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

पडताळा भिंतीवर घेता येतो. बोटांना खडू लावून, उभ्याने हात वर करून एक खूण करावी, मग तीन उड्या मारून सर्वांत उंच खूण आणि पहिली खूण यांतले अंतर मोजावे. एक दिवस लांब ताणानंतर, दुसऱ्या दिवशी धावून, असे आलटून पालटून आठवडाभर करावे आणि आकडे वहीत तारखेनिशी लिहावेत.