गाडी गेली, साठा तोच: जुना आकडा दिसला तर काय करायचं

कांद्याची गाडी निघाली, पावती झाली, तरी स्क्रीनवर साठा 420 क्विंटल. रिफ्रेश केलं की 360, पुन्हा केलं की परत 420! लासलगाव-पिंपळगावला आवक वाढली की असे फोन हमखास येतात, आणि पहिलंच वाक्य असतं, ‘‘डेटा उडाला.’’ उडालेला नसतो.

आपल्या साठ्याच्या प्रोग्रॅम आणि मायएसक्यूएल डेटाबेसच्या मध्ये एसक्यूएलअल्केमी हा ओआरएम (प्रोग्रॅमच्या वतीने डेटाबेसमधल्या नोंदी वाचणारं-लिहिणारं सॉफ्टवेअर) बसतो. त्याला दिवाणजी समजा. वहीतली, म्हणजे डेटाबेसमधली, नोंद एकदा वाचली की सेशन (त्याची कामाची एक बैठक) चालू असेपर्यंत तो ती हाताशी ठेवतो. त्याला पुन्हा वही उघडायला लावलं तरी भागत नाही, कारण मायएसक्यूएलचा नेहमीचा नियम ‘रिपीटेबल रीड’ आहे: डेटाबेसच्या एका व्यवहारातल्या (एकत्र पार पडणाऱ्या कामांच्या गटातल्या) पहिल्या वाचनाच्या वेळचं चित्रच व्यवहार संपेपर्यंत दिसतं. कमिट (बदल कायम करणं) किंवा रोलबॅक (बदल मागे घेणं) झाल्यावरच नवा आकडा येतो. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा नेहमीचा नियम वेगळा, ‘रीड कमिटेड’: प्रत्येक वाचनाला तोवर कायम झालेला आकडा दिसतो. म्हणून ‘आधीच्या सर्व्हरवर बरोबर चालत होतं’ ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेत नाही.

सर्व्हरवर असे तीन-चार दिवाणजी एकाच वेळी काम करतात. एखाद्याचं सेशन उघडं राहिलं, की तुमचं काम कोणाकडे गेलं त्यावर आकडा ठरतो. प्रत्येक विनंतीनंतर सेशन बंद करणं ही आमची जबाबदारी. मात्र तुमच्याकडच्या मुलाने स्वतः रिपोर्ट जोडला असेल, तर त्याने एकच सेशन दिवसभर वापरलेलं नाही ना, एवढं विचारा.

जुना आकडा दिसण्यापेक्षा तो सेव्ह होणं महागात पडतं. दोघांनी 420 पाहिले. एकाने 60 वजा करून 360 लिहिले, दुसऱ्याने 40 वजा करून 380. खरा साठा 320, वहीत 380. हे टाळायला आता प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक आहे; तुम्ही नोंद उघडल्यानंतर तो बदलला असेल, तर सेव्ह होत नाही. ‘नोंद मध्येच बदलली आहे’ असा संदेश आला तर तो बिघाड नव्हे. नोंद नव्याने उघडून भरा.

फोन करण्याआधी कंट्रोल-एफ5 दाबा. त्याने आकडा सुधारला आणि सुधारलेलाच राहिला, तर दोष बहुधा ब्राउझरच्या साठवणीचा. नाहीतर वेळ, पावती क्रमांक आणि आकडा उलटसुलट होतो का, हे टिपून ठेवा. डेटाबेसच्या टेबलात थेट हात घालू नका. सर्व्हरही लगेच रीस्टार्ट करू नका. आकडा सुधारतो खरा, पण कोणता दिवाणजी अडकला होता ते मग आम्हालाही सापडत नाही.