द्विफलन

फुलं येणाऱ्या झाडांमध्ये बी तयार होताना एक सोडून दोन फलनं, म्हणजे नर-मादी पेशींची मिलनं, होतात, त्याला द्विफलन म्हणतात. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकावर, पडला की त्यातून एक बारीक नळी फुटते, ती थेट बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचं पुढे बी होतं तिथपर्यंत, जाते आणि आत दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, सोडते. एक अंडपेशीला मिळतं, त्यातून गर्भ म्हणजे उद्याचं रोप. दुसरं शेजारच्या मोठ्या पेशीतल्या दोन ध्रुवीय केंद्रकांना (केंद्रक म्हणजे पेशीचा गाभा) जाऊन मिळतं आणि त्यातून भ्रूणपोष तयार होतो, म्हणजे त्या रोपाची शिदोरी. शाळेत हे दोन ओळीत उरकतात आणि आपण मार्कांपुरतं पाठ करून सोडून देतो, पण आपला भात, भाकरी, पोळी सगळं मुख्यतः या दुसऱ्या फलनाच्या जिवावर आहे.

घरच्या घरी बघायचं असेल तर नारळ घ्या. शहाळ्याचं पाणी म्हणजे चक्क भ्रूणपोषच, फक्त त्यात पेशींच्या भिंती नसतात, केंद्रकं नुसती विभागत जातात आणि पाण्यात मोकळी तरंगत असतात. मग कडेकडेने भिंती पडायला लागतात, तीच मलई, आणि नारळ पिकत गेला की तेच घट्ट खोबरं. गर्भ कुठे असतो विचाराल तर नारळाच्या तीन डोळ्यांपैकी जो मऊ असतो त्याच्या खाली, खोबऱ्यात रुतलेली छोटीशी पांढरी खुंटी, खोवताना आपण बघतही नाही. बाकीचं एवढं मोठं फळ त्या खुंटीला पुरावं म्हणून!

गव्हाचंही तेच, रवा आणि मैदा म्हणजे भ्रूणपोष, कोंडा वेगळा आणि अंकुर वेगळा. पण हरभऱ्यात तसं नाही. भिजवलेला हरभरा सोलला की दोन डाळिंब्या सुटतात आणि मध्ये चोचीसारखं टोक दिसतं, त्या डाळिंब्या भ्रूणपोष नाहीत, ती रोपाचीच दोन बीजपत्रं आहेत, कारण बी भरतानाच गर्भाने शिदोरी खाऊन स्वतःच्या अंगात साठवली. म्हणजे भात खाताना आपण रोपाचा डबा खातो आणि वरण खाताना रोपच. ऑर्किडमध्ये तर शिदोरी जवळपास नसतेच, बी धुळीएवढं, रुजायला बुरशीची मदत लागते.

मक्यात हे सगळ्यात सुंदर दिसतं. कणसाच्या मिशीतला एकेक केस एकेका दाण्याचा, वरच्या तुऱ्यातला पराग त्या केसावर पडला की नळी वीतभर आणि कधी जास्त अंतर साधारण दिवसभरात कापून खाली पोचते, आणि जिथे फलन होत नाही तिथे दाणा भरत नाही, कणीस मध्येच बोडकं दिसतं. पांढऱ्या मक्यावर शेजारच्या जांभळ्या मक्याचा पराग पडला तर त्याच हंगामात, त्याच कणसात जांभळे दाणे येऊ शकतात. बापाचा रंग पुढच्या पिढीची वाट न बघता दाण्यात कसा उतरतो हे लोकांना कोडंच होतं. उत्तर हेच, दाण्यातला भ्रूणपोष बापाकडूनही आलेला असतो, त्यात गुणसूत्रांचे, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांचे, तीन संच, दोन आईचे आणि एक बापाचा.

एक पुंयुग्मक अंडपेशीला मिळतं हे वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गरने १८८४ मध्ये दाखवलं होतं, दुसऱ्याचं काय होतं ते मात्र १८९८ मध्ये कीव्हच्या सर्गेई नवाशिनने लिलीच्या कुळातल्या झाडांवर शोधून काढलं. १८९९ मध्ये फ्रान्समध्ये गिन्यारनेही स्वतंत्रपणे तेच सांगितलं.

पाइन, सायकस अशा फुलं न येणाऱ्या झाडांत अशी शिदोरी फलनातून येत नाही. तिथे बीजांडातला मादीचा भाग आधीच अन्न भरायला लागतो, फलन होवो न होवो, आपण चिलगोजा (एका पाइनचं बी) खातो तो मुख्यतः हाच भाग. फुलझाडं मात्र फलन पक्कं झाल्यावरच डबा भरायला घेतात, मला तरी ही काटकसर फार मोठी गोष्ट वाटते.

या विषयात दिल्ली विद्यापीठाचं काम अभिमान वाटावा असं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ पंचानन माहेश्वरी यांच्या विभागात कुसुम कांता आणि रंगस्वामी यांनी त्यांच्यासोबत १९६२ मध्ये अफूची बीजांडं फुलाबाहेर काढून टेस्ट ट्यूबमध्ये ठेवली, त्यावर थेट पराग टाकला आणि तिथेच बिया धरल्या, कुक्षी नाही की काही नाही. त्याआधी १९४१ मध्ये अमेरिकेत धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ बाटलीत वाढवायला नारळाचं पाणी घातलं तेव्हा ते वाढले, एका झाडाची शिदोरी दुसऱ्याच्या बाळाला चालली. आणि १९६५ मध्ये दिल्लीतच जोहरी आणि भोजवानी यांनी पिकलेल्या भ्रूणपोषापासूनच कोंब काढून दाखवले, जो भाग निसर्गात नुसता खाल्ला जातो आणि संपतो त्यातून हिरवे कोंब, आणि पेशींमध्ये तेच तीन संच.