आकृती पळत नाही, रांगेत अडकते

‘आकृती टाकली चौथ्या पानावर, आली शेवटच्या पानावर!’ लेटेक या मजकूर-मांडणीच्या संगणकप्रणालीत पहिला शोधनिबंध लिहिणाऱ्या कुणाशीही बोला, ही तक्रार ऐकू येतेच. त्यातून लेटेक लहरी आहे असा समज होतो. तो साफ चुकीचा आहे. आकृतीची जागा अंकगणितावर ठरते, आणि ते अंकगणित फार सुंदर आहे.

1977 साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी आपल्याच पुस्तकाच्या मुद्रितांवर नाराज होऊन ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढे त्यावर लेटेक उभारलं. पान संपलं तर मजकूर ओळीवर तुटून पुढच्या पानावर जातो. आकृती मात्र अखंड ठोकळा, ती मधेच तोडता येत नाही. म्हणून तिला सरकायची मुभा असते.

कुठे सरकायचं, हे चार अक्षरांनी सांगायचं. ‘एच’ म्हणजे इथेच, ‘टी’ पानाच्या माथ्यावर, ‘बी’ तळाशी आणि ‘पी’ म्हणजे केवळ आकृत्या-तक्त्यांचं स्वतंत्र पान. त्यावर मूळ मर्यादा अशा: माथ्यावर पानाच्या 70 टक्क्यांपर्यंत, तळाशी 30 टक्क्यांपर्यंत, आणि मजकुराच्या पानावर किमान 20 टक्के मजकूर हवाच.

आता समजा, आकृतीची उंची पानाच्या 75 टक्के आहे आणि तुम्ही फक्त ‘एच’ लिहिलंत. इथे जागा नाही. मग लेटेक स्वतःहून ‘टी’ जोडतं, पण 75 हे 70 पेक्षा जास्त. ‘पी’ तुम्ही दिलेलाच नाही. आकृती अडली. आणि खरी मेख पुढेच आहे: आकृत्या क्रमानेच छापल्या जातात, पाचवी चौथीला ओलांडत नाही. एक अडली की मागच्या सगळ्या तिच्यामागे तिष्ठत उभ्या, थेट निबंध संपेपर्यंत. तक्त्यांची रांग वेगळी असल्याने ते मात्र खुशाल पुढे निघून जातात. उपाय एका अक्षराचा: ‘पी’ द्या.

‘एच’पुढे उद्गारचिन्ह लावण्याचा तोडगा अनेक जण मंत्रासारखा सगळीकडे वापरतात. त्याने टक्क्यांची बंधनं सुटतात, एवढंच. रांग मोडत नाही आणि पानात नसलेली जागा निर्माण होत नाही.

जागेपलीकडच्याही काही सवयी लावून घ्या. तक्त्यांत उभ्या रेघा नकोत. वर, खाली आणि शीर्षकओळीखाली अशा तीन आडव्या पुरतात. ‘लेबल’ (संदर्भासाठी दिलेलं नाव) नेहमी ‘कॅप्शन’च्या (आकृतीखालच्या ओळीच्या) आज्ञेनंतर लिहा, कारण क्रमांक कॅप्शनमुळे पडतो, आधी लिहिलंत तर संदर्भात आकृतीऐवजी विभागाचा क्रमांक येतो.

आलेख पीडीएफसारख्या व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या रूपात साठवलेले द्या, कितीही मोठे केले तरी रेषा फाटत नाहीत. मात्र 16 सेंमी रुंदीचा आलेख 8 सेंमीच्या स्तंभात बसवला, तर त्यातली 10 पॉइंटची अक्षरं 5 पॉइंटची होतात. अक्षांवरचे आकडे मग भिंगातून वाचावे लागतात. म्हणून आलेख काढतानाच 8 सेंमी रुंद काढा.