मामाची शिट्टी ते कॅमेऱ्याचा फोटो: चलन माणसाचं की नंबराचं?

कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला मामा, म्हणजे ट्रॅफिक पोलीस, दिसला की आपसूक ब्रेकवर पाय जातो, पण कॅमेरा तुम्हाला थांबवत नाही, तो एमएच ०९ च्या पुढचा नंबर वाचतो आणि नंतर मोबाईलवर चलन येतं. माणूस पकडण्यापासून नंबर पकडण्यापर्यंतचा हा प्रवास शंभर वर्षांच्या वरचा आहे.

ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्यानं ताशी २० मैलांची मर्यादा घातली आणि पोलीस झाडाआड लपून स्टॉपवॉचवर गाड्यांचा वेग मोजायला लागले, मग या सापळ्यांची खबर एकमेकांना द्यायला मोटारवाल्यांनी १९०५ मध्ये ऑटोमोबाईल असोसिएशन काढली, म्हणजे हायवेला पुढं पोलीस आहेत म्हणून आपण समोरच्याला डिपर मारतो ना, ती खोड तेव्हापासूनची. कॅमेऱ्याची गोष्ट तर अजून भारी आहे. १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकणारा डच ड्रायव्हर मॉरिस गॅटसोनिडेस, त्यानं स्वतःला वळणावर अजून जोरात जाता यावं म्हणून वेग मोजायचं यंत्र बनवलं, आणि त्यातनंच पुढं जगभरचा गॅटसो स्पीड कॅमेरा आला.

आपल्याकडं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात जोरात गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलं तर दंड होता ४०० रुपयांपर्यंत, तोही पोलिसानं हात करून गाडी बाजूला घेतली तरच, आणि तिथंच मांडवलीला जागा मिळायची. कॅमेऱ्यानं ती जागा बंद केली हे मला मनापासून पटतं. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात कॅमेऱ्यासारख्या यंत्रांनी रस्त्यावर नजर ठेवायचं १३६ए कलम आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ती कशी ठेवायची ते सांगणारा १६७ए नियम, त्यातल्या शहरांच्या यादीत कोल्हापूर पण आहे. या नियमाप्रमाणं कॅमेऱ्याच्या आधी ठळक बोर्ड पाहिजे, यंत्राचं सर्टिफिकेट दरवर्षी नवं पाहिजे, आणि नोटीस १५ दिवसांत आली पाहिजे. बोर्डाचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण बोर्ड वाचून माणूस तिथंच स्लो होतो, चलन बघून दोन आठवड्यांनी नाही.

८०५५ ला वळण देऊन 'बॉस' करणाऱ्या प्लेटा नियमात आधीपासूनच बसत नाहीत, पण आता सगळा खेळ नंबरप्लेटवर आल्यामुळं त्या जास्तच नडतात, एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचा पण इथं उपयोग होतो. आमच्या घरात गाडी वडलांच्या नावावर, पळवतो पुतण्या, मेसेज येतो वडलांना. गाडी कोण चालवत होतं ते पोलिसांनी विचारलं तर मालकानं सांगायचं, हे १३३ कलम मात्र १९८८ च्या कायद्यात पहिल्यापासून आहे.