वायर कुठे लावायची? हायब्रीड आणि इलेक्ट्रिकमधला खरा फरक

सिग्नलला थांबली की गाडी एकदम गप्प होते, म्हणून बरेच जण हायब्रीडलाही बिनधास्त 'इलेक्ट्रिक' म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे हिरवी नंबरप्लेट बघितली तरी उलगडा होतो. हायब्रीडला ती मिळत नाही. पण गोंधळ फक्त प्लेटचा नाही. इलेक्ट्रिक गाड्या यायला इतका उशीर का झाला, याचं निम्मं उत्तर या फरकात दडलंय.

१९९७ साली जपानमध्ये आलेली टोयोटाची हायब्रीड गाडी, पहिली प्रियस घ्या. तिला वायर लावायची सोयच नव्हती. ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद छोट्या बॅटरीत साठवायची, उरलेली इंजिनाने भरायची. म्हणजे शेवटी सगळं येणार पेट्रोल पंपावरूनच. ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचा, प्लग बघायचे; गॅरेजवाला खूश, आणि इंजिनाचा कारखानाही चालू.

त्याच्या वर्षभर आधी अमेरिकेत जनरल मोटर्सने ईव्ही-१ आणली होती. दोन सीटची, थेंबासारख्या आकाराची. चार्जरचं चपटं पॅडल नाकातल्या खाचेत सरकवायचं. हिच्यात इंजिनच नव्हतं, म्हणजे वरची सगळी कामं बाद. ती आली तीही कॅलिफोर्नियाच्या धाकाने: १९९८पासून २ टक्के गाड्या धूरविरहित हव्यात, असा नियम तिथे १९९०मध्ये झाला होता. कंपन्यांनी विरोध केला, नियम सैलावत गेला. गाड्या फक्त लीजवर दिलेल्या. लोक 'विकत द्या हो' म्हणत असताना कंपनीने त्या परत नेल्या आणि बहुतेक चेपून टाकल्या. बनवल्या होत्या जेमतेम अकराशे.

कंपनीची बाजू अगदीच खोटी नव्हती. सुरुवातीच्या ईव्ही-१मध्ये शिशाच्या बॅटऱ्यांचंच वजन पाचशे किलोंच्या वर होतं, आणि एवढं ओझं वाहून गाडी एका चार्जमध्ये धावायची शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण माझ्या मते बॅटरीपेक्षा जड होतं ते इंजिन सोडणं. शंभर वर्षांची कारागिरी, सुटे भाग पुरवणारे, डीलरचं वर्कशॉप, सगळं त्याच्याभोवती उभं. हायब्रीडने यातलं काहीच मोडायला लावलं नाही.

गंमत पुढे आहे. मोटर आणि बॅटरी एकत्र नांदवण्यात सगळ्यांच्या आधी तरबेज झाली ती टोयोटा. निसानची निव्वळ बॅटरीवरची लीफ २०१०च्या अखेरीस रस्त्यावर आली. टोयोटाची जगभर विकायची बॅटरी कार, बीझी४एक्स, उजाडली २०२२ साली.